शेंगदाण्याचा नेम : एका माळकरी घरातल्या ॲलर्जीचं प्रकरण

‘एकादशी, दुप्पट खाशी’ असं आपण हसत म्हणतो. या घरात मात्र एकादशी उजाडली की आईच्या पोटात गोळा यायचा. त्या दिवशी गल्लीतल्या झाडून सगळ्या चुलींवर शेंगदाणा भाजला जातो. साबुदाण्याच्या खिचडीत कूट, भगरीबरोबर शेंगदाण्याची आमटी, दुपारी गूळ-शेंगदाण्याचा लाडू, आणि संध्याकाळी भजनाला गेलं की हातावर पुन्हा तेच. महिन्यातून दोनदा. बाकीच्या दिवशी तरी मराठवाड्यातल्या कुठल्या रश्श्यात कूट नसतो म्हणा! पण एकादशीला तो देवाच्या नावानं येतो, आणि देवाच्या नावानं आलेल्याला नाही म्हणायची आपल्याकडं रीत नाही.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी लहान मुलांचा दवाखाना चालवतो. हे प्रकरण तिथून चौदा-पंधरा किलोमीटरवरच्या, मांजरेच्या काठच्या एका गावातलं. नावं घेणार नाही. आजी नातवाला सोन्या म्हणते, म्हणून इथंही सोन्याच. घर माळकरी, आजी-आजोबांची पंढरीची वारी वर्षानुवर्षं चुकलेली नाही. सहा एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर, दारात एक म्हैस. वडील शेती बघून टमटम चालवतात. आई बारावी झालेली. चुलता, चुलती, त्यांची मुलगी. एका चुलीवर आठ माणसं.

पहिल्या दोन खेपा

सोन्या चौदा महिन्यांचा असताना आत्यानं कौतुकानं शेंगदाण्याच्या लाडूचं बोट चाटवलं. दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, दोनदा उलटी झाली. घरच्यांनी जे केलं ते कुठल्याही घरात झालं असतं. आमसुलाचं पाणी चोळलं, गेरू लावला, मीठ-मोहरी-मिरच्यांनी दृष्ट काढली. तासाभरात सगळं उतरलं. कशानं उतरलं हे ज्यानं त्यानं आपापलं ठरवून टाकलं. आजीच्या मते दृष्ट, आजोबांच्या मते आमसूल. शेंगदाण्याचं नाव कुणी घेतलं नाही. लेकराच्या गालावर आणि कोपराच्या वळीत चौथ्या महिन्यापासून खरबरीत, लालसर चट्टे होते, त्यांनाही घरात ‘खरूज’ म्हणत. तो एक्झिमा होता. तान्हेपणी एवढा एक्झिमा असलेल्या मुलाला अन्नाची ॲलर्जी निघण्याचा धोका जास्त असतो. पण हे सांगायला ते मूल तेव्हा माझ्यापर्यंत आलंच नव्हतं.

दुसरी खेप साडेतीन वर्षांचा असताना. गावात अखंड हरिनाम सप्ताह होता. काल्याचं कीर्तन झालं, हंडी फुटली, काला वाटला. लाह्या, दही, डाळवं, लोणच्याचा खार आणि वरून भाजलेले शेंगदाणे. आई पंगतीत वाढायला होती. सोन्यानं एक घास खाल्ला. आधी खोकला सुरू झाला, मग आवाज घोगरा झाला, मग उलटी झाली आणि मग त्यानं मान टाकली. मांडवात हजारभर माणूस. कुणी म्हणालं ठसका लागला, कुणी म्हणालं बाहेरचं आहे. विणेकऱ्याच्या पायाशी निजवलं, कपाळाला अंगारा लावला. यात वीस मिनिटं गेली. ही वीस मिनिटं मला आजीनंच सांगितली, न विचारता. लपवलं नाही, सारवासारव केली नाही.

चुलत्यानं मोटरसायकल काढली आणि सहा किलोमीटरवरचं प्राथमिक आरोग्य केंद्र गाठलं. तिथल्या डॉक्टरांना सर्पदंशाची सवय. सापाचं प्रतिविष देताना रुग्णाला कधीही अशीच रिॲक्शन येऊ शकते, त्यामुळं ॲड्रेनलिन हाताशीच असायचं. त्यांनी एक नजर टाकली आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत सुई दिली. वजन १३ किलो, म्हणून ०.१३ मिली. पाच-सात मिनिटांत लेकरू रडायला लागलं. ते रडणं ऐकून चुलता भिंतीला टेकून खालीच बसला. पुढं १०८ च्या गाडीनं लातूर, आणि रात्रभर देखरेख. ही देखरेख कुणी उगाच ठेवत नाही. एकदा उतरलेली रिॲक्शन काही तासांनी पुन्हा उसळू शकते.

इथं थोडं थांबून सांगतो, कारण यावर अजून लई घोळ आहे. अंगावर पित्त उठल्यावर ‘ॲलर्जीचं इंजेक्शन’ म्हणून जे एव्हिल किंवा डेक्सा दिलं जातं, त्यानं खाज आणि गांधी बसतात. घशाची सूज, आवळलेला श्वास, पडलेलं ब्लड प्रेशर यांवर पहिलं औषध एकच, ॲड्रेनलिन. बाकीचं त्याच्या मागून. ते द्यायला डॉक्टर कचरतात, हृदयाला काही होईल म्हणून. लहान मुलात, योग्य मात्रेत, स्नायूत दिलं तर छाती धडधडते, हात कापतात, चेहरा पांढरा पडतो आणि थोड्या वेळात निवळतं. दगावणारी मुलं बहुतेक करून ते उशिरा मिळाल्यानं दगावतात.

माझा कागद

तिसऱ्या दिवशी अख्खं घर माझ्या दवाखान्यात. रक्त शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवलं. शेंगदाण्याची आयजीई, म्हणजे ॲलर्जीची रक्तातली प्रतिपिंडं, मोजपट्टीच्या वरच्या टोकाला. हरभरा आणि तूर यांचेही आकडे थोडे वर. तेवढ्यावरून वडिलांनी घरातल्या सगळ्या डाळी बंद केल्या, कारण शेंगदाणा हीही शेंगच, असं त्यांनी मोबाइलवर वाचलं होतं. महिन्याभरात लेकराचं वजन किलोभर घटलं. मी विचारलं, पुरणपोळी खातो का? म्हणाले, जन्मापासून. मग झालं! जे पोरगं तीन वर्षं पुरण पचवतंय त्याला रिपोर्टमधल्या आकड्यासाठी वरणापासून तोडायचं काहीच कारण नव्हतं. रक्तात आयजीई दिसणं वेगळं आणि खाल्ल्यावर त्रास होणं वेगळं. डाळी सुरू केल्या.

शेंगदाण्यासाठी मात्र मी कडक कागद छापून दिला. काय काय बंद, कशात कशात लपतो, घाण्याच्या तेलात शेंगदाण्याचं प्रथिन उतरतं म्हणून तेही नको. मोठ्या अक्षरात. कागद चुलीच्या वरच्या भिंतीवर चिकटला आणि दोन महिने टिकला. म्हणजे कागद तसाच राहिला, नियम टिकला दोन महिने.

का, ते आईनं नीट सांगितलं. घरात ती सांभाळत होती. मिक्सरचं कूट करायचं भांडं तिनं माहेरी देऊन टाकलं, तेल करडईचं आणलं, बंद डब्यातलं. पण घराबाहेर तिला प्रत्येकाला ‘ॲलर्जी’ समजावून सांगावी लागे आणि प्रत्येक समजावणं एकाच वाक्यावर येऊन संपे : एवढ्याशानं काय होतंय. त्यात सासूकडून एक जुना बोल, की गरोदरपणी हिनं शेंगा लई खाल्ल्या. त्याचा याच्याशी संबंध नाही, हे मी सासूसमोर सांगितलं. सासू काही बोलली नाही. सून माझ्याकडं बघून पहिल्यांदा नीट श्वास घेतल्यासारखी बसली.

मग एक दिवस आई एकटीच आली. शेजारच्या तालुक्यातल्या एका बुवानं सांगितलं होतं, पाच गुरुवार अंगाऱ्यात कालवून एकेक दाणा द्या, प्रसादाचं कुणाला बाधत नाही. ‘देऊ का?’ असं तिनं विचारलं नाही. ‘देणार हायत’ असं सांगितलं. माझा तोल गेला. मी आजोबांना फोन लावला आणि नको ते बोललो. अडाणीपणा, अंधश्रद्धा, लेकराचा जीव घ्याल. दाणा दिला गेला नाही, हे खरं. पण त्यानंतर जवळपास दीड वर्ष आजी माझ्या पायरीवर चढली नाही.

आज वाटतं, तेव्हा निदान अर्धी गोष्ट तरी शांतपणे सांगायला हवी होती. ‘थोडं थोडं देऊन सवय’ ही कल्पना काही वेडगळ नाही. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं, वय ४ ते ११ महिने. ज्यांना तेव्हापासून नेमानं शेंगदाणा खाऊ घातला त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ३ टक्क्यांना होती. ज्यांना टाळायला लावलं त्यांच्यात १७ टक्क्यांना. पण ही गोष्ट ॲलर्जी जडण्याआधीची. एकदा जडल्यावर मिलिग्रॅममध्ये मोजून, हाताशी ॲड्रेनलिन ठेवून, तज्ज्ञाच्या नजरेखाली मात्रा वाढवत नेण्याचे उपचार आहेत. अंगाऱ्यातल्या अख्ख्या दाण्यात तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास प्रथिन. सोन्याला त्याच्या अंशानंही पुरलं असतं.

हे ज्ञान पुढं घरात उपयोगी पडलं. सोन्याच्या पाठीवर बहीण झाली. तिच्या उष्टावणीच्या सुमारास, सहाव्या महिन्यात, आम्ही तिला आधी दवाखान्यात आणि मग आजोळी शेंगदाण्याची पातळ, गुठळी नसलेली पेस्ट द्यायला सुरुवात केली. अख्खा दाणा नव्हे, तो घशात अडकतो. मामाच्या घरी, कारण या घरात शेंगदाणा येऊ शकत नव्हता. मामा दर आठवड्याला बहिणीला आणि भाचीला टमटमनं नेऊन आणायचा. परत येताना दोघींचे हात-तोंड साबणानं धुवायचं काम त्याच्याकडं. नुसत्या पाण्यानं किंवा सॅनिटायझरनं शेंगदाण्याचं प्रथिन जात नाही. पोरगी आज शेंगा फोडून खाते, मामाकडं.

माळ

दीड वर्षानं, आषाढी करून आल्यावर, आजी आली. सोबत पाच वर्षांचा सोन्या, गळ्यात तुळशीची माळ.

‘डाक्टर, तुमचा कागद हाय भिंतीवर. कागदाचं कोण ऐकतंय? मी त्याला माळ घातली. शेंगदाण्याचा नेम दिलाय.’

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा गंमत वाटली, आणि मग हेवा वाटला. माळकऱ्याला लग्नाच्या पंगतीत कुणी मटणाचा आग्रह करत नाही. ‘माळकरी हाय’ एवढं म्हटलं की वाढपी पुढं सरकतो. का, कशानं, एक घास तरी, असलं काही होत नाही. एखादी गोष्ट न खाणारा माणूस गावाला शेकडो वर्षं ठाऊक आहे. त्याच्यासाठी जागा करून ठेवलेली आहे. आजीनं नातवाला नेऊन त्या जागेत बसवलं. शिवाय नेमात ‘एवढंसं’ नसतं. माळकरी रश्श्यातला तुकडा बाजूला काढून नुसता रस्सा ओरपत नाही. माझ्या कागदावर नेमकं हेच लिहिलं होतं, दुसऱ्या भाषेत.

तिनं स्वतःही शेंगदाणा सोडला. एकादशीला केळी, रताळं, राजगिरा, दूध. मग आजोबांनी सोडला. कुरकुरत, पण सोडला. त्या सालच्या सप्त्यात तिनं कीर्तनकार महाराजांच्या कानावर घातलं आणि महाराजांनी गादीवरून सांगितलं, की या लेकराच्या हातावर जो शेंगदाणा ठेवील त्यानं माझ्या पायाला हात लावू नये. मी चार वर्षं घसा कोरडा केला असता तरी हे झालं नसतं.

काही गोष्टींवर आमची घासाघीस झाली. आजीची योजना अशी, की प्रसाद हातात घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि शेजारच्याला द्यायचा. मी म्हटलं, नाही. तोच हात डोळ्याला लागतो, तोंडात जातो. हातात घ्यायचाच नाही. तिला ते जड गेलं; प्रसादाला पाठ दाखवल्यासारखं वाटलं. दोन दिवसांनी तिचा निरोप आला : ‘घेत नाही. हात जोडतो. विठोबाला हात जोडल्यालं चालतंय.’ त्याच्या वाट्याचा प्रसाद म्हणजे खडीसाखर, आजीच्या पिशवीतल्या स्टीलच्या डबीतली, आधी देवापुढं ठेवलेली.

खडीसाखरेचंही एक सांगण्यासारखं आहे. गावातल्या किराणा दुकानात पोती ओळीनं मांडलेली असतात आणि माप एकच. तेच माप शेंगदाण्यात बुडतं, मग साबुदाण्यात, मग खडीसाखरेत. आईनं ते एकदा उभं राहून बघितलं. मापाच्या कडेला चिकटलेली गुलाबी टरफलं बघितली आणि तशीच परत आली. तेव्हापासून खडीसाखर बंद पुड्यातली. पाकीटबंद मालावर शेंगदाणा असल्यास तसं छापणं कायद्यानं बंधनकारक आहे. सुट्या मालाला बोलायला तोंड नसतं. शाळेत पोषण आहाराबरोबर चिक्की आली की गुरुजी त्याला आधीच वर्गाबाहेरच्या ओट्यावर बसवतात, त्याच्या आवडीची गोष्टींची पुस्तकं देऊन. शेजारच्या चाची ईदला त्याचा शिरखुर्मा वेगळ्या पातेल्यात, सुक्या मेव्याच्या मोजक्या जिनसा त्याच्या आईला आधी दाखवून करतात. नेम म्हटल्यावर त्यांनीही जास्त काही विचारलं नाही. नेम म्हणजे काय हे त्यांच्या घरात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि डबा. परदेशात अशा मुलांच्या दप्तरात पेनासारखं तयार इंजेक्शन असतं. आपल्याकडं ते सहज मिळत नाही. आम्ही जुन्या कंपासपेटीत ॲड्रेनलिनच्या दोन ॲम्प्यूल, एक मिलीच्या तीन सिरिंज आणि मात्रा लिहिलेला कागद असा डबा केला. आईला आणि चुलत्याला मोसंबीवर सुई टोचायला शिकवलं. ॲम्प्यूलची मान मोडणं, हवा काढणं, रेघ वाचणं. आईनं पहिल्या दिवशी सात मोसंब्या संपवल्या. औषधाला पंचविसाच्या वरचं तापमान सोसत नाही, आणि आमच्याकडं वैशाखात पारा बेचाळिसाला टेकतो. फ्रीज असला तरी वीज नसते. म्हणून डबा माठाच्या शेजारी, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात. मुदतीची तारीख बघायची कधी? आजी म्हणाली, आषाढी आणि कार्तिकी. वर्षातून दोनदा ती डबा घेऊन येते, सोन्याचं वजन करते, मी मात्रा नवी लिहितो.

१०८ हा आकडा तिला पाठ करावा लागला नाही. जपमाळेचे मणी तेवढेच. ‘माळ फिरवायची’ म्हणजे गाडीला फोन लावायचा, असं त्या घरात झालं.

येळवस

तीन वर्षं काही झालं नाही. माझ्या कार्डावर माझ्याच अक्षरात आहे : ‘पथ्यपालन उत्तम.’

मार्गशीर्ष अमावास्या, आमच्या भागातली वेळ अमावास्या. लोक येळवस म्हणतात. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळी माणसं रानात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, आत चुना लावलेले पाच पांडव, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आंबील आणि भज्जी. भज्जीत हरभऱ्याचे, तुरीचे, वाटाण्याचे दाणे असतात आणि शेंगदाणेही. कुणीही कुणाच्याही शेतात जाऊन जेवावं, हीच त्या सणाची मजा. सोन्या आठ वर्षांचा. स्वतःच्या शेतातली भज्जी बिनशेंगदाण्याची. पण तो मित्रांबरोबर बांधापलीकडं गेला आणि तिथं आंबील प्याला. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ आणि ताक. त्याच्या हिशेबानं बिनधोक. भज्जीचा डाव आंबिलीच्या मडक्यात बुडालेला होता.

घसा खाजायला लागल्यावर तो उठला, कोपीच्या मागं गेला आणि बसून राहिला. कुणाला काही बोलला नाही. पाणी प्याला. पंधराएक मिनिटांनी चुलतबहीण शोधत आली तेव्हा त्याचे कान लाल आणि आवाज घोगरा. ती ओरडत आईकडं धावली. डबा आईच्या पिशवीत होता. चुलता त्याला उभं करून रस्त्याकडं पळवायला निघाला होता. आई लांबूनच ओरडली, ‘उभं करू नका!’ बरोबर होतं ते. अशा वेळी पेशंटला उभं केलं, चालवलं, की ब्लड प्रेशर एकदम कोसळू शकतं. आडवं निजवून पाय वर करायचे. श्वास लागत असेल तर टेकून बसवायचं. तिनं त्याला पेंढीला टेकवून बसवलं, पाय समोर पसरून, चड्डी वर सरकवली आणि ०.२२ मिली दिलं. दहा मिनिटांनी छातीत घरघर तशीच होती, म्हणून दुसरी. गाडी रस्त्यावर यायला अर्ध्या तासाच्या आत-बाहेर लागला. तोवर तो बोलायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात मी त्याच्या कॉटवर बसलो.

‘कधीपासून होयलंतं?’

‘आंबील पिल्याबरोबर घसा खाजवायलाता.’

‘मग आईला का नाही सांगितलंस?’

बराच वेळ गप्प. मग माळेचा मणी चिमटीत फिरवत म्हणाला, ‘नेम मोडला ना. नाव घेतलं की जाईल वाटलं.’

आजी माझ्या मागंच उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि बाहेर गेली.

मी ते नेमाचं प्रकरण गेली तीन वर्षं येईल त्या डॉक्टरला रंगवून सांगत होतो. त्यातली ही बाजू मला दिसली नव्हती. माझा कागद मोडला असता तर कागद मोडला असता. नेम मोडल्यावर पाप लागतं, आणि आठ वर्षांचं पोरगं पाप लपवणारच. ज्या गोष्टीनं त्याला तीन वर्षं वाचवलं तिनंच त्याची पंधरा मिनिटं खाल्ली. काल्याच्या मांडवातल्या वीस मिनिटांपेक्षा ही मला जास्त लागली, कारण यात माझाही हात होता.

नेम सोडा, असं मात्र मी म्हणालो नाही. त्याच्या जागी ठेवायला माझ्याकडं त्या कागदाशिवाय काय होतं? तीन दिवसांनी आजीचाच फोन आला. घरी नेल्यावर तिनं त्याला देवापुढं बसवलं होतं, माळ काढून धुऊन पुन्हा घातली होती आणि नेम बदलला होता. नवा नेम असा : तोंडात चुकून काही गेलं, घसा खाजला, पोट दुखलं, काहीही झालं, तर देवाला सांगायच्या आधी आईला सांगायचं. सांगितलं की नेम पुरा झाला. ‘आन् मोडला त मला पाप लागंल. मी म्हातारी हाय, मला झेपतंय.’

त्यानंतर तो तीनदा ‘घसा’ म्हणत आईकडं आला. तिन्ही वेळा काही नव्हतं. तिन्ही वेळा आईनं डबा उघडून मांडीवर ठेवला आणि त्याच्या शेजारी बसून, त्याला बोलतं ठेवत, घड्याळाकडं बघत अर्धा-पाऊण तास काढला. रागावली नाही. तुळजापूरच्या देवीला तिनं एक नवस बोलला होता, हे तिनं मला तेव्हा सांगितलं. दुसऱ्या खेपेनंतर बोललेला, सासूलाही माहीत नसलेला. पोरगं वाचलं तर पाच घरी जोगवा मागीन म्हणून. जोगवा मागून झाला होता. त्यातल्या एका घरानं ज्वारीच्या पिठावर दाण्याची चिक्की ठेवली, ती तिनं परडीतून काढून तिथंच उंबऱ्यावर ठेवली. ‘देवीला राग नाही आला,’ म्हणाली, ‘आला असता तर मला कळलं असतं.’

सोन्या आता अकरा वर्षांचा आहे. पखवाज शिकतो, पखवाजाच्या खोळीला आतून शिवलेल्या खिशात डबा असतो. गेल्या दोन तपासण्यांत शेंगदाण्याचा आकडा चांगलाच उतरलाय. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या पाच मुलांपैकी साधारण एकाची वाढत्या वयात जाते, बाकीच्यांची राहते. याची गेली का, हे बघायचा खात्रीचा मार्ग म्हणजे सगळी तयारी असलेल्या मोठ्या रुग्णालयात, अगदी कणापासून सुरू करून, डॉक्टरांसमोर खाऊ घालून बघणं. घरी नाही, देवळात नाही. हे मी या कार्तिकीला आजीला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हंजे उद्यापन?’

म्हटलं, झालं तर उद्यापन. नाही झालं तर नेम पुढं चालू.

रुग्णालयाकडून फोनवर तारीख मिळाली. आजीनं पिशवीतून पंचांग काढलं, बोट फिरवलं आणि मान हलवली. ती एकादशी होती.

‘एकादशीला नको,’ म्हणाली. ‘धरल्यालं सोडायचं त बारशीला सोडत्यात.’

मी पुन्हा फोन लावला आणि तारीख एक दिवस पुढं करून घेतली.